मोजपट्टी एकच ठेव

चि. सायलीस,


‘विजेची गाडी हाच खरा पर्याय’ या विषयावर वादविवाद स्पर्धेत कोणती बाजू घ्यावी, असं तू विचारलं आहेस. बाजू कोणतीही घे, पण मोजपट्टी दोन्हींना एकच लाव. विजेचे कैवारी सायलेन्सर नाही म्हणजे धूर नाही असं ठोकून देतात. विरोधक चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुराड्यांकडे बोट दाखवतात, पण पेट्रोल काढताना, शुद्ध करताना आणि पंपापर्यंत आणताना जळणारं इंधन हिशेबात धरत नाहीत. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला तेव्हा गाड्यांच्या कंपन्यांतच जुंपली. ज्याचा माल जसा, त्याला आकडे तसेच दिसले.

तू स्वतः गणित मांड. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी म्हणजे किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम. त्यात शुद्धीकरण-वाहतुकीचा पाचवा हिस्सा वाढवला की १८० ग्रॅम. आपल्या ग्रिडवर एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.७ किलो वायू निघतो. लहान विजेची गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर धावते असं धरलं आणि तारांमधली गळती मिळवली, तर आकडा सव्वाशेच्या आसपास येतो. लिटरला २३ देणारी स्ट्राँग हायब्रिड याच हिशेबाने १२० वर येते. म्हणजे कोळशाच्या विजेवरही विजेची गाडी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा सरस ठरते, पण चांगल्या हायब्रिडला आज मागे टाकत नाही. शिवाय मोठी बॅटरी बनवतानाच काही टन वायू निघालेला असतो. ते कर्ज गाडी भरपूर धावली तरच फिटतं. आणि हायब्रिड म्हटलं की सगळ्या एका माळेत ओवू नकोस. माइल्ड हायब्रिडमधली मोटर इंजिनाला नुसता हात देते. स्ट्राँग हायब्रिड वाहतूक कोंडीत इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकते. तरी तिची सगळी ऊर्जा अखेर पेट्रोलचीच.

‘मग विजेच्या गाडीचा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न येईलच. पेट्रोल गाडी विकत घेतल्या दिवशी जेवढा धूर सोडते, त्याहून कमी ती पुढे कधीच सोडणार नाही. विजेची गाडी मात्र ग्रिड सुधारेल तशी सुधारते, आणि दिवसा छतावरच्या सौर विजेवर चार्ज केली तर आजच. इथेही सावध राहा: २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, पण प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच सुमारे ७० टक्के आहे. क्षमता आणि निर्मिती यांत गल्लत करून टाळ्या मिळवू नकोस. रोज दिवसभर धावणारी बस, रिक्षा, टॅक्सी यांच्यासाठी विजेचा पक्ष भक्कम आहे, कारण बॅटरीचं कर्ज लवकर फिटतं आणि शहरातल्या रस्त्यावरचा धूर कमी होतो. आठवड्याला एकदा बाहेर निघणाऱ्या, सोसायटीत चार्जिंगची सोय नसलेल्या गाडीसाठी तो तितका भक्कम नाही.

समोरच्याने आकडा फेकला की एवढंच विचार: हा कुठून कुठपर्यंत मोजला आहे, आणि गाडी वर्षाला किती धावते असं धरलं आहे? तुझ्या आकड्यांनाही हेच दोन प्रश्न आधी घरी विचारून मगच व्यासपीठावर जा.

तुझा,
मामा