काचेच्या टाकीतील मासे व त्यांच्या पाण्याचा विचार

शेतकऱ्याने घरात शोभेचे मासे पाळावे असे कोणी म्हटले म्हणजे पुष्कळांस हसू येते, व ते अगदीच अकारण येते असे नाही. गाय दूध देते, कोंबडी अंडे देते, शेततळ्यातील रोहू-कटला बाजारात विकला जातो. काचेच्या टाकीतला मासा यांपैकी काहीच देत नाही. ज्यांचा जन्म महसुली दप्तरात गेला त्या आमच्यासारख्यास तर जमेची बाजू कोरी असलेली बाब फाजीलच वाटावयाची. तथापि गेली चार वर्षे आमच्या घरी हा छंद चालू असून त्यापासून पाण्याविषयी जे ज्ञान आम्हांस झाले, ते आधी झाले असते तर बरे होते असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आरंभ फजितीने झाला. आमच्या नातीच्या हट्टास्तव तालुक्याच्या गावी एका दुकानातून काचेचा गोल गडू व त्यात दोन सोनेरी मासे आणले. दुकानदाराने सांगितले की, दोन वेळ दाणे टाकावे व पाणी गढूळ झाले की सगळे ओतून नवे भरावे. त्याप्रमाणे बिनचूक केले. नवव्या दिवशी दोन्ही मासे पालथे झाले. नातीने ते तुळशीवृंदावनाशेजारी पुरले आणि आम्हांस विचारले, “आजोबा, आपण तर रोज खायला घालत होतो, मग ते का मेले?” पस्तीस वर्षे लोकांच्या अर्जांस उत्तरे लिहिली, परंतु या अर्जास उत्तर देता येईना.

उत्तर पुढे मिळाले ते असे की, मासे उपासाने मेले नाहीत, खाण्यानेच मेले. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि न खाल्लेला दाणा कुजला की त्यात आणखी भर पडते. नदीत तो वाहून जातो व विरतो. गडूत तो साचतो. आता अमोनियाचे पुढे काय होते हे शेतकऱ्यास निराळे शिकविण्याचे कारण नाही. शेतात युरिया टाकला म्हणजे जमिनीत त्याचा प्रथम अमोनिया होतो, मग एका जातीचे सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. हे काम जिवाणूंचे आहे, हे विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सिद्ध केले. तेच काम टाकीतील वाळूत व गाळणीच्या स्पंजावर चालते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशास विष होत. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, त्यांची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सबब नव्या टाकीत पहिल्या दिवशी दहा मासे सोडणे म्हणजे बिननांगरल्या जमिनीत पेरणी करणे होय. प्रथम दोन-तीन काटक मासे सोडावे, दाणा नखावर मावेल इतकाच टाकावा, व दीड महिन्यानंतर संख्या हळूहळू वाढवावी. ओळखीच्या घरी जुनी टाकी असल्यास तिच्यातील मूठभर वाळू विरजणासारखी मागून आणावी, म्हणजे काम लवकर होते.

याच ठिकाणी आपल्याकडील पाण्याचा एक विशेष सांगितला पाहिजे. चुनखडीयुक्त जमिनीवर पसरलेल्या युरियातील अमोनिया वायुरूपाने उडून जातो, हा अनुभव अनेकांस आहे. पाण्यातही तसेच आहे. सामू सात असता, साधारण उष्णतेच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी रूपात असतो तो शेकडा अर्ध्याच्या आसपास. सामू आठ झाला की तो शेकडा पाचावर जातो. आपल्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा आम्लारीच असते. म्हणून पुस्तकात लिहिलेल्या संख्येपेक्षा मासे कमीच ठेवावे. मात्र या जड पाण्यास भिण्याचे कारण नाही. गप्पी व मोली या जातींस ते मानवते.

टाकी घ्यावयाची ती गोल गडूची नव्हे, चौकोनी घ्यावी. आमची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच आहे. तिचे घनफळ पावणेचार घनफूट, म्हणजे सुमारे १०६ लिटर. वरचे दोन इंच मोकळे सोडता ९२ लिटर राहते. त्यात वाळूचे व काचेचे वजन मिळविले असता सव्वाशे किलोच्या आसपास भार होतो, तेव्हा तकलादू स्टुलावर ती ठेवू नये. खिडकीच्या उन्हात ठेवल्यास हिरवे शेवाळ माजते. एवढ्या टाकीत दोन इंचांच्या आतील वीस मासे पुरे. भारनियमनात हवेचा पंप बंद पडतो, आणि उन्हाळ्यात तर दुहेरी अडचण असते. कारण वीस अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशास साडेसातच. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले तर ती भूक समजून दाणा टाकू नये. तो प्राणवायूचा तुटवडा असतो.

पाणवनस्पती अवश्य लावाव्या. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची वनस्पती एकत्र ठेवून पाहिली. कुजक्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्याने पाणगोगलगाई सोडल्या, व त्यांनी ती घाण खाऊन टाकली. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, व या छंदास सार्वत्रिक रूप आले. ओढ्यातून वनस्पती आणल्यास चांगली निरखून धुवावी, नाही तर चतुराची अळी तीबरोबर येते व पिले फस्त करते.

दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे भरावे. सगळे कधीही बदलू नये. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टीसीएल टाकलेले असते, ते माशांस व जिवाणूंस दोघांसही मारक आहे. सबब असे पाणी उघड्या भांड्यात अहोरात्र ठेवून मग वापरावे. गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते. आमच्या घरच्या मंडळींनी त्यावर कढीपत्ता व दोन गुलाब पोसले आहेत, व या छंदाची एवढीच जमा त्यांना मान्य आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना संकोच होतो. गेल्या पौषात हरभऱ्यावर घाटे अळीसाठी सायपरमेथ्रिनची फवारणी चालू होती. संध्याकाळी टाकीत पाणी भरावयाचे होते, जवळ होती ती बादली आम्ही उचलली, दोन वेळा विसळली, आणि तीतून पाणी ओतले. बादली औषध कालविण्याची होती हे आम्हांस ठाऊक होते. विसळल्यावर काय राहते, असा आमचा समज. तासाभरात मासे कुशीवर पडून गरगर फिरू लागले. एकोणीस मासे होते, सकाळी दोन राहिले. या जातीची औषधे लिटरमागे मिलिग्रॅमाच्या काही हजाराव्या हिश्श्याइतक्या मात्रेतही माशांस मारतात, हे आम्ही नंतर वाचले. नात रडली नाही, वही काढून तिने सतरा आकडा लिहिला. त्या रात्री आमच्या मनात मासे नव्हते. तीच बादली कितीदा गोठ्यात गेली असेल, आणि पंप धुतलेले पाणी विहिरीच्या काठाकडून कोठे जात असेल, हा विचार होता. दुसऱ्या दिवशी फवारणीच्या सर्व भांड्यांस तांबडा रंग दिला व ती कुलपात ठेवली. पंप धुण्याची जागा विहिरीपासून दूर नेली. डास मारण्याच्या विजेच्या यंत्रातील द्रव्यही बहुधा याच कुळातील असते, तेव्हा टाकीच्या खोलीत ते लावू नये.

नवशिक्याने गप्पीच पाळावे. डासांच्या अळ्यांसाठी हिवतापाचे कर्मचारी हौदांत सोडतात तेच हे. गप्पी हे नाव त्रिनिदादहून १८६६ साली ब्रिटिश म्युझियमकडे हे मासे धाडणाऱ्या गप्पी नामक गृहस्थावरून पडले. मादी अंडी न घालता जिवंत पिले देते, सुमारे चार आठवड्यांनी एक वेत. एकदा संयोग झालेली मादी नराविना पुढेही कित्येक महिने वितच राहते, यामुळे आमच्या वहीत काही काळ जमाखर्च जुळत नव्हता. आईबाप पिले खातात, म्हणून दाट वनस्पती हवी. अंडी घालणाऱ्यांपैकी झेब्रा मासा उत्तम. हा विलायती नव्हे. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात याचे वर्णन केले असून आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा अभ्यासिला जातो.

शेवटी सकर माशाविषयी. काच साफ करतो असे सांगून दुकानात बोटभर पिलू देतात. ते वाढून फूट-दीड फूट होते. मूळ दक्षिण अमेरिकेचा हा मासा लोकांनी टाकीतून ओढ्यानाल्यांत सोडला, व आज तो उजनीच्या जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यांत सापडतो; त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात व बाजारात त्यास किंमत नाही. अंडी घालण्यास तो काठात बिळे करतो, हे शेततळे व पाट राखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आफ्रिकेचा चिलापी १९५२ साली या देशात मुद्दाम आणला, त्याने पुष्कळ जलाशयांत देशी माशांची जागा कशी घेतली हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. आमचाही सकर टाकीत मावेनासा झाला. दुकानदार परत घेईना. शेजाऱ्यांचा सल्ला विहिरीत सोडण्याचा पडला, आणि त्यात पुण्य लागते असेही ते म्हणाले. परंतु आमची विहीर भर पावसाळ्यात ओढ्यास मिळते. सबब तो आज अंगणातील जुन्या सिमेंटच्या हौदात आहे. परवा नातीने पट्टीने मापला तेव्हा चौदा इंच भरला, आणि तिच्या वहीत त्याच्यापुढे ‘शिल्लक एक’ अशी नोंद आहे.