चाकांची पकड

मोटार धावते, वळते आणि थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीमुळे. ही पकड सुटली तर काय होते आणि ती सुटू नये म्हणून मोटारीत कोणत्या सोयी केलेल्या असतात, हे या पाठात सांगितले आहे.

मित्रांनो, तुम्ही सायकल चालवता ना? मग हा अनुभव तुम्हांला आला असेल. बारीक खडी पसरलेल्या मैदानातून तुम्ही वेगाने येता. अचानक कोणीतरी आडवे येते. तुम्ही मागचा ब्रेक जोरात दाबता. चाक थांबते, पण सायकल थांबत नाही! चाक न फिरता खडीवरून खरडत जाते, सायकल तिरपी होते आणि तुम्ही खाली पडता.

ब्रेक तर नीट लागला होता. मग सायकल का थांबली नाही?

कारण ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. या पकडीमागे जे बल असते, त्याला शास्त्रात घर्षण म्हणतात. आता मोटारीचा विचार करा. तिचे वजन एक हजार किलोग्रॅमच्या आसपास असते. पण तिचा एक टायर रस्त्याला किती टेकतो? साधारण मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. म्हणजे एवढी जड मोटार केवळ चार तळहातांएवढ्या जागेवर उभी असते! धावणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे एवढ्याच जागेतून होतात.

ही पकड नेहमी सारखी नसते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चांगली असते. पावसाची पहिली सर आली, की रस्त्यावरची धूळ आणि तेल पाण्यात मिसळते. रस्ता निसरडा होतो आणि पकड बरीच कमी होते.

समजा, अशा रस्त्यावरून एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. चेंडूमागे धावणारा एक लहान मुलगा एकदम रस्त्यावर येतो. चालकाला तो दिसतो. पण दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार सुमारे १७ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही ती आणखी २० मीटर जाते. ओल्या रस्त्यावर हेच अंतर ३५ मीटर होऊ शकते. हीच मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने येत असती, तर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर ती सुमारे ५ मीटरांतच थांबली असती. लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

घाबरलेला चालक ब्रेक पूर्ण दाबतो आणि मुलाला वाचवण्यासाठी स्टिअरिंगही फिरवतो. साध्या ब्रेकच्या मोटारीत अशा वेळी चाके जाम होतात. पुढची चाके वळलेली असतात, पण ती फिरत नसल्यामुळे गाडीला वळवू शकत नाहीत. गाडी सरळ त्या मुलाच्या दिशेने घसरत जाते.

जुने, अनुभवी चालक यावर एक युक्ती करत. निसरड्या रस्त्यावर ते ब्रेक एकदम दाबून धरत नसत. दाबायचा, थोडा सोडायचा, पुन्हा दाबायचा. त्यामुळे चाके अधूनमधून फिरत राहत आणि गाडी ताब्यात राहत असे. पण संकटाच्या क्षणी हे भान किती जणांना राहणार?

हेच काम यंत्राकडे सोपवले, ते ए.बी.एस. म्हणजे अँटिलॉक ब्रेक या योजनेने. चाके जाम होऊ न देणारी अशी यंत्रे १९५० नंतरच्या दशकात विमानांसाठी वापरात आली होती. जर्मनीतील बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ए.बी.एस. १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत बसवण्यात आली. या योजनेत चाकांचा वेग मोजणारे सेन्सर असतात. एखादे चाक जाम होऊ लागले, की छोटा संगणक त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतो आणि लगेच वाढवतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. त्या वेळी चालकाच्या पायाखाली ब्रेक थरथरतो. तेव्हा घाबरून पाय उचलायचा नसतो. ब्रेक दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना ए.बी.एस. आवश्यक करण्यात आले.

पकड फक्त थांबतानाच सुटते असे नाही. चिखलात अडकलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. चाक गरगर फिरते, चिखल उडतो, पण गाडी हलत नाही. अशा वेळी ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ ही योजना इंजिनाचा जोर कमी करते किंवा गरगरणाऱ्या चाकाला हलकेच ब्रेक लावते. मग चाकाला पुन्हा पकड मिळू शकते.

वळणावरही पकड सुटते. १९९७ साली स्वीडनमध्ये मर्सिडीजच्या ए-क्लास या नव्या छोट्या मोटारीची चाचणी चालू होती. तेथील जंगलांत मूस नावाचे मोठे जनावर असते. ते अचानक रस्त्यात आले असे समजून मोटार झटकन एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला वळवायची, अशी ती चाचणी होती. त्या चाचणीत मोटार उलटली! कंपनीने काही आठवडे त्या मोटारीची विक्री थांबवली आणि तिच्यात सुधारणा केल्या. त्यांपैकी एक होती स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक योजना. चालकाने स्टिअरिंग किती वळवले आणि गाडी खरोखर किती वळत आहे, हे ती सतत पडताळून पाहते. दोन्हींत फरक पडला, की ती योग्य त्या चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि गाडी सावरते.

आता तर कित्येक मोटारींना जणू ‘डोळे’ही आले आहेत. कॅमेरा आणि रडार समोरचे वाहन किंवा माणूस ओळखतात, चालकाला सावध करतात आणि त्याने ब्रेक लावला नाही तर स्वतः लावतात.

मग आता अपघाताची भीती उरली नाही, असे समजायचे का? मुळीच नाही. कॅमेऱ्यावर चिखल बसला किंवा धो धो पाऊस असला, तर त्याला नीट दिसत नाही. सुट्या खडीवर ए.बी.एस. असलेली गाडी कधी कधी अधिक अंतर जाऊन थांबते. मुख्य गोष्ट ही, की यांतील कोणतीही योजना नवी पकड निर्माण करत नाही. आहे ती पकड वाया जाऊ देत नाही, इतकेच. टायर गुळगुळीत झाला असेल आणि वेग अफाट असेल, तर संगणक तरी काय करणार?

शिवाय गाडी थांबली तरी आत बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्याला धरून ठेवतो तो सीटचा पट्टा. छाती आणि कंबर दोन्ही धरणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. तो इतर कंपन्यांनाही मोकळेपणाने वापरू देण्यात आला. मागच्या सीटवर बसतानाही तो लावायला विसरू नका.

आणि रस्ता ओलांडताना एवढे आठवा : समोरच्या गाडीचा चालक कितीही चांगला असला, तरी तुम्ही दिसताक्षणी ती जागच्या जागी थांबू शकत नाही. तिच्याजवळ आहेत फक्त चार तळहात.

शब्दार्थ
पकड – धरून ठेवण्याची शक्ती
घर्षण – रगड, घासण्यामुळे होणारा विरोध
खरडत जाणे – घासत पुढे जाणे
निसरडा – पाय किंवा चाक घसरेल असा
भान – शुद्ध, जाणीव
पडताळून पाहणे – बरोबर आहे की नाही ते तपासणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोटारीचा एक टायर रस्त्याला साधारण किती टेकतो?
(आ) ए.बी.एस. काम करत असताना चालकाने काय करावे?
२. कारणे लिहा.
(अ) पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो.
(आ) चाके जाम झाल्यावर गाडी वळत नाही.
३. ‘कोणतीही योजना नवी पकड निर्माण करत नाही’, हे चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : ताब्यात राहणे, सावध करणे, वाया जाणे.

उपक्रम
मोटारीच्या टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलावा लागतो. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या उभ्या मोटारीचा टायर वडीलधाऱ्यांबरोबर पाहा आणि तुम्हांला काय दिसले ते वर्गात सांगा.