कान्हाची सहल : एजंटला आधी काय विचारावे?

दिवाळीच्या सुटीत कान्हाला जायचे ठरले की आपण ट्रॅव्हल एजंटला पहिला प्रश्न विचारतो, "हॉटेल कसे आहे?" खरे तर पहिला प्रश्न सफारीच्या परवान्याचा हवा. गाभा क्षेत्रात रोज ठराविकच जिप्सी सोडतात आणि सुटीतले परवाने लवकर संपतात. परवान्यावाचून हॉटेल काय कामाचे?

दुसरा प्रश्न प्रवेशद्वाराचा. खटिया, मुक्की आणि सरही ही द्वारे एकमेकांपासून बरीच दूर आहेत. एका एजंटाने आमचा मुक्काम मुक्कीला आणि परवाना खटियाचा काढला होता. पहाटेच्या थंडीत, पेंगणारी मुले घेऊन जंगलाला वळसा घालावा लागला. पोहोचलो तेव्हा बाकीच्या गाड्या केव्हाच आत गेल्या होत्या. तेव्हापासून परवान्याची प्रत आधी मागवतो आणि नावे, ओळखपत्रांचे क्रमांक ताडून पाहतो. मूळ ओळखपत्रेही जवळ लागतात.

इंदूरहून रात्रीच्या गाडीने जबलपूर, पुढे मोटारीने सुमारे 160 किलोमीटर. त्याच दुपारी सफारी ठेवू नये. गाडी उशिरा आली तर पैसे बुडतात. बुधवारी दुपारी तर सफारी बंदच असते.

"वाघ नक्की दाखवू" म्हणणाऱ्या एजंटापासून मात्र चार हात दूर राहा. विद्यार्थ्यांनी बारशिंगा जरूर पाहावा. कठीण जमिनीवर राहणारे हे हरीण 1970 साली कान्हात अवघे 66 उरले होते. आज कुरणांत त्यांचे कळप चरताना दिसतात.