सरोवरातील जलसमाधी : 'एडमंड फिट्झजेराल्ड' जहाजाचा इतिहास व बोध

व्यापार आला की मालाची ने-आण आलीच. पेढीवरून माल निघाला म्हणजे आपण बिल्टी करतो, विमा उतरवितो आणि निश्चिंत होतो. पण तो माल ज्यांच्या हातून पुढे जातो, त्या माणसांचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. तो यावा, या हेतूने एका मालवाहू जहाजाची हकिकत आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. हे जहाज समुद्रात नव्हे, तर गोड्या पाण्याच्या सरोवरात बुडाले.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या प्रदेशात पाच महासरोवरे आहेत. त्यांपैकी सुपीरियर हे सर्वांत मोठे असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. आपला गोवा त्यात बावीस वेळा मावेल! सरोवराच्या पश्चिमेकडे लोहखनिजाच्या खाणी आहेत व पूर्वेकडील सरोवरांच्या काठी पोलादाचे कारखाने. मांडवी-झुआरीतून लोहखनिज वाहणारे बार्ज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या व्यापाराचे स्वरूप सहज कळेल. प्रमाण मात्र कितीतरी मोठे.

'एडमंड फिट्झजेराल्ड' हे जहाज ७ जून १९५८ रोजी मिशिगन राज्यात पाण्यात सोडण्यात आले. लांबी ७२९ फूट, रुंदी ७५ फूट. त्या वेळी महासरोवरांवर याहून मोठे जहाज नव्हते. त्याची मालकी मिलवॉकी येथील एका आयुर्विमा कंपनीकडे होती. तिने गुंतवणूक म्हणून ते बांधविले, आपल्या अध्यक्षांचे नाव त्यास दिले आणि वाहतुकीसाठी दुसऱ्या कंपनीच्या स्वाधीन केले.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी दुपारी हे जहाज विस्कॉन्सिनमधील सुपीरियर बंदरातून डेट्रॉइटकडे निघाले. त्यात लोहखनिजाच्या गोळ्या भरल्या होत्या. वजन २६,११६ टन. दहा टनी मालमोटारी धरल्या तर सुमारे २,६०० मोटारींचा हा माल. कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली यांस चाळीस वर्षांहून अधिक अनुभव होता. त्यांच्यासह जहाजावर २९ माणसे होती. मागोमाग 'आर्थर एम. अँडरसन' हे दुसरे मालवाहू जहाज येत होते.

त्या रात्री वादळाचा इशारा मिळाला. उत्तर किनाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून दोन्ही जहाजांनी लांबचा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅक्सॉर्ली यांनी बिनतारी संदेशाने 'अँडरसन'ला कळविले की, कठडा तुटला आहे, हवा जाण्याची दोन नळकांडी गेली आहेत आणि जहाज एका बाजूस कलले आहे. पुढे रडार यंत्रेही बंद पडली. व्हाइटफिश पॉइंट येथील दीपगृहाचा दिवा व दिशादर्शक बिनतारी यंत्र त्या वेळी चालत नव्हते. 'अँडरसन'वरून मिळणाऱ्या दिशेच्या आधारे जहाज पुढे सरकत राहिले. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास 'अँडरसन'ने विचारपूस केली, तेव्हा आम्ही टिकून आहोत, असे उत्तर आले. त्यानंतर काही मिनिटांतच जहाज रडारवरून दिसेनासे झाले. संकटाचा संदेश आलाच नाही. व्हाइटफिश उपसागर अवघा १७ मैलांवर होता. त्या वादळातच 'अँडरसन' शोधासाठी मागे फिरले. पण हाती लागल्या त्या मोडक्या जीवनौका व तराफे. २९ जणांपैकी एकाचाही देह मिळाला नाही. जहाज दोन तुकडे होऊन ५३० फूट खोल पाण्यात पडले आहे.

असे का झाले? तटरक्षक दलाच्या १९७७ सालच्या अहवालाने मालकोठाराची झाकणे पाणी रोखण्यास असमर्थ ठरली, असा ठपका ठेवला. अशी झाकणे २१ होती व प्रत्येकास ६८ पकडी होत्या. जहाजमालकांच्या संघाने हे अमान्य केले. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकास तळ लागला असावा, असे त्याचे म्हणणे. हा वाद आजही मिटलेला नाही.

परंतु एक गोष्ट वादापलीकडची आहे. जहाज भरल्यावर त्याचा किती भाग पाण्यावर राहिला पाहिजे, याची रेषा कायद्याने ठरलेली असते. १९६९, १९७१ व १९७३ साली हे नियम सैल करण्यात आले. परिणामी या जहाजास मूळच्या मर्यादेपेक्षा सव्वातीन फुटांहून अधिक खोल बुडेपर्यंत माल भरण्याची मुभा मिळाली. एवढे मोठे जहाज एक इंच अधिक बुडाले की शंभराहून अधिक टन माल जास्त मावतो. यावरून प्रत्येक फेरीचा लाभ किती वाढला असेल, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. तोटा मात्र कोणत्याच वहीत दिसत नव्हता. मालकोठारात पाणी अडविणाऱ्या आडव्या भिंती नव्हत्या, आत पाणी शिरल्याचे सांगणारे यंत्र नव्हते, खोली मोजण्याचे यंत्रही नव्हते. कायद्याने सर्व ठीक होते. वादळ आले तेव्हा हाताशी शिल्लकच उरली नव्हती.

दुर्घटनेनंतर नियम बदलले. थंड पाण्यात तग धरू देणारा पोशाख आणि खोली मोजण्याचे यंत्र सक्तीचे झाले. तेव्हापासून महासरोवरांवर एवढे मोठे मालवाहू जहाज बुडालेले नाही. यावरून हेच सिद्ध होते की, ही सावधगिरी आधीही शक्य होती.

आता आपल्याकडे वळू. मालमोटार भरताना 'आणखी दहा पोती टाका, भाडे तेवढेच' असे आपणांपैकी कोण म्हणाले नसेल? घाट उतरताना त्या दहा पोत्यांचा भार गाडीच्या ब्रेकवर येतो आणि चालकाच्या जिवावर येतो. पेढीच्या भांडवलातही राखीव रक्कम 'पडून आहे' म्हणून आपण गुंतवून टाकतो. चांगल्या दिवसांत रिकामी जागा वाया गेलेली वाटते. वाईट दिवशी तीच जागा तारते.

१९९५ साली जहाजाची घंटा वर काढण्यात आली व तिच्या जागी २९ नावे कोरलेली नवी घंटा तळाशी ठेवण्यात आली. मूळची घंटा व्हाइटफिश पॉइंट येथील संग्रहालयात आहे. बुडालेल्या मालाची किंमत विम्याने भरून निघते, जहाजही नवे बांधता येते. त्या २९ नावांची भरपाई कोणत्याही जमाखर्चात बसत नाही. सभासदांनी आपला माल रवाना करताना एवढे ध्यानी ठेवावे, हीच आमची विनंती.