हायब्रिड गाडीची छोटी बॅटरी

प्रश्न : माझी हायब्रिड गाडी आठवडाभर उभी राहिली की ‘रेडी’चा दिवा लागत नाही, डॅशबोर्ड नुसता लुकलुकतो. मोठी बॅटरी गेली का?

उत्तर : घाबरू नका. आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. गाडीतले संगणक आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले तिच्यावरच चालतात. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली जवळपास रिकामी. गाडी ‘रेडी’ झाल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. पूर्ण चार्ज करूनही बॅटरी लगेच उतरत असेल, तर लोड टेस्ट करून घ्या आणि गरज पडल्यास ती बदला. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलना मात्र कधीही हात लावू नका. त्यांतला विद्युतदाब जीवघेणा असतो.