मालाचा फोटो: छान दिसण्याआधी खरा दिसू द्या

मोबाईलवर मालाचे फोटो कसे काढायचे, हे या व्हिडिओत दाखवलं आहे. त्यातले मुद्दे इथे क्रमाने देतोय, म्हणजे फोटो काढताना समोर ठेवता येतील.

दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघतं. ऑनलाइन त्याच्याकडे फक्त फोटो असतो. फोटोत एक रंग आणि पार्सलमध्ये दुसरा निघाला, की माल परत येतो. कुरिअर आणि पॅकिंगचा खर्च अंगावर पडतो, गिऱ्हाईकही तुटतं. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे जाहिरातीत दाखवलं त्याप्रमाणे माल नसेल, तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही.

१. उजेड
खिडकीजवळ किंवा दारात, थेट ऊन पडणार नाही अशा जागी माल ठेवा आणि दुकानातले लाइट बंद करा. खिडकीचा आणि बल्बचा उजेड एकत्र आला की रंग बिघडतात. सावली पडते त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. आपल्या पनवेलची पावसाळ्यातली ढगाळ दुपार म्हणजे तर फुकटचा स्टुडिओच!

२. पांढरा आणि काळा माल
अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढून बघा. कांदा मळकट, करडा दिसेल. कारण कॅमेरा सगळं मध्यम उजेडाचं करायला बघतो. त्यामुळे काळा तवा उलट फिकट दिसतो. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर मालावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये सूर्याचं चिन्ह येतं. पांढऱ्या मालासाठी ते थोडं वर सरकवा, काळ्यासाठी खाली.

३. अंतर आणि आकार
फोन अगदी जवळ नेला तर वस्तूचा पुढचा भाग फुगलेला दिसतो. एक पाऊल मागे या, नंतर क्रॉप करा. पोह्याच्या पापडाचा एक फोटो हातात धरून काढा, म्हणजे पापड केवढा ते न सांगता कळतं. लेन्स आधी सुती कापडाने पुसा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

४. एडिटिंग
स्नॅपसीड हे फुकटचं ॲप पुरेसं आहे. आधी फोटो सरळ करून क्रॉप करा, मग व्हाइट बॅलन्स, शेवटी ब्राइटनेस. सॅच्युरेशन आणि फिल्टरला हात लावू नका. फोनचा नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट मोड बंद ठेवा, नाहीतर स्क्रीनच पिवळी दिसते आणि तुम्ही चुकीचा रंग सुधारत बसता. झाल्यावर माल स्क्रीनच्या शेजारी धरा. दोन्ही रंग जुळले की थांबा.

५. पाठवणं
व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि कापडाचं विणकाम पुसट होतं. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आजचा गृहपाठ: ज्या मालाच्या सगळ्यात जास्त तक्रारी येतात, त्याचे तीन फोटो काढा. एक समोरून, एक जवळून, एक हातात धरून. माल न बघितलेल्या माणसाला ते दाखवा आणि रंग, आकार, कापड कसं वाटतं ते विचारा. त्याचं उत्तर मालाशी जुळलं, की फोटो कॅटलॉगला टाका.