चिंतेची गोळी : लागते कशी, सुटते कशी

भीती ही मनाची राखणदार आहे. राखणदाराने रात्री दोनदा हाक दिली तर घरधनी निर्धास्त झोपतो. पण तो रात्रभर ओरडत राहिला तर घरात कोणालाच झोप लागत नाही. चिंतारोगात नेमके हेच घडते. कारण असो वा नसो, छाती धडधडते, तळहात घामेजतात, जीव घाबरा होतो आणि झोप उडते. अशा वेळी डॉक्टर एक बारीकशी गोळी लिहून देतात. ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात राखणदार शांत होतो. रोग्याला वाटते, सुटलो! खरा प्रश्न त्यानंतर काही महिन्यांनी उभा राहतो. ती गोळी आता सोडायची कशी?

प्रस्तुत लेखाचा विषय गोळी घ्यावी की घेऊ नये, हा नाही. तो रोगी आणि डॉक्टर यांच्यातला प्रश्न आहे. गोळी सोडताना जो त्रास होतो त्याचे स्वरूप काय, तो का होतो आणि त्यातून सुखरूप कसे पार पडावे, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला औषधशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. पण गोळी घेणारे माणूस आपल्याच घरात असते. कधी ती आई असते, कधी आजोबा, तर कधी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मित्र.

गोळीचा इतिहास

या गोळ्यांच्या कुळाला बेंझोडायझेपिन असे नाव आहे. हॉफमन-ला रोश या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून या कुळातील पहिले औषध, लिब्रियम, १९६० साली बाजारात आले. पाठोपाठ १९६३ साली व्हॅलियम म्हणजे डायझेपाम आले. आपल्याकडे डायझेपाम 'काम्पोज' या नावाने घरोघर माहीत झाले. पुढे लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी भावंडे आली. त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट दिली जात. त्यांचा डोस थोडा अधिक झाला तरी प्राण जाण्याचा धोका असे. त्या मानाने नवी गोळी सुरक्षित वाटली आणि डॉक्टरांनी ती सढळ हाताने लिहिली.

तथापि धोक्याची सूचना फार लवकर मिळाली होती. १९६१ साली लिओ हॉलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या अकरा रोग्यांचे औषध एकाएकी बंद करून पाहिले. त्यांपैकी दहा जणांना त्रास झाला आणि दोघांना आकडी आली. ही मात्रा नेहमीपेक्षा कितीतरी मोठी होती, म्हणून सामान्य रोग्याला भय नाही, अशी समजूत करून घेण्यात आली. १९८१ च्या सुमारास लंडनच्या माल्कम लेडर यांच्या अभ्यासाने ती समजूतही गेली. नेहमीच्या, डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेनेही शरीर गोळीला बांधले जाते, हे त्यातून दिसले. १९८८ साली ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत, असा सल्ला दिला.

शरीरात काय घडते?

मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन आहे. ते मेंदूच्या ब्रेकचे काम करते. गोळी स्वतः ब्रेक दाबत नाही. ती ब्रेकवरचा गाबाचा पाय जड करते. म्हणून धडधड थांबते, स्नायू सैल होतात आणि झोप येते.

पण मेंदू हा हिशेबी आहे. रोज बाहेरून ब्रेक दाबला जातो असे दिसले की तो आपला ब्रेक हळूहळू ढिला करतो आणि चालना देणारी बाजू वाढवतो. त्यामुळे पूर्वी एका गोळीने यायची ती झोप आता येत नाही. ही झाली शरीराची सवय. अशा स्थितीत गोळी एका दिवसात बंद केली तर बाहेरचा ब्रेक गेला, आतला ढिला पडलेला आणि चालना मात्र वाढलेली, अशी अवस्था होते. गाडी उतारावर सुटावी तसा मेंदू सुटतो. गोळी सोडतानाचा त्रास, ज्याला डॉक्टर विथड्रॉवल म्हणतात, तो हाच.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. शरीराला सवय लागणे म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनी माणूस नशेसाठी वस्तूच्या मागे धावतो, मात्रा वाढवतो, त्यापायी घरदार विसरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे निमूटपणे रात्री एक गोळी घेणाऱ्या गृहिणीचे तसे नसते. तरीही तिचे शरीर गोळीला बांधले गेलेले असू शकते. तिला 'तुला गोळीचे व्यसन लागले आहे' असे म्हटले की ती लाजेपोटी दुसऱ्याच दिवशी गोळी फेकून देते. जिथे अपाय व्हायचा तो तिथेच होतो.

ही गोष्ट मनाच्या दुबळेपणाची नाही, याचा पुरावा शेजारच्या तेलंगणाने दिला. तेथे काही जिल्ह्यांत ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी द्रव्ये मिसळली जात. २०१५ साली या भेसळीवर कारवाई झाली, भेसळीची ताडी एकाएकी मिळेनाशी झाली, आणि हातपाय कापणे, असंबद्ध बोलणे, आकडी येणे अशा तक्रारी घेऊन शेकडो माणसे रुग्णालयांत आली. आपण गोळीचे औषध पीत आहोत, हेच त्यांच्यातील अनेकांना ठाऊक नव्हते. मनाला माहीत नव्हते. पण शरीराने हिशेब ठेवला होता.

त्रासाचे स्वरूप

झोप न लागणे, हात थरथरणे, घाम, धडधड, चिडचिड, पोटात कालवणे, अंगावर मुंग्या, उजेड आणि आवाज असह्य वाटणे ही नेहमीची लक्षणे होत. भांडे पडल्याचा आवाज कानात खिळ्यासारखा शिरतो, असे रोगी सांगतात. क्वचित, विशेषतः मोठी मात्रा एकदम थांबवल्यास, भास होतात किंवा आकडी येते. त्यात जिवाला धोका असतो. अल्प्राझोलाम, लोराझेपाम ही शरीरातून लवकर जाणारी औषधे. त्यांचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम शरीरात रेंगाळते, म्हणून त्याचा त्रास कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यानेही दिसतो. गोळी सोडणाऱ्या प्रत्येकाला हे सारे होतेच असे नाही. किती काळ, किती मात्रेत आणि कोणती गोळी घेतली, आणि ती किती वेगाने सोडली, यावर ते अवलंबून असते.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो या त्रासाला जुना रोग समजण्यात. गोळी थांबवली, चौथ्या दिवशी जीव घाबरा झाला, म्हणजे 'आपल्याला गोळी जन्मभराची लागणार' असा निष्कर्ष काढून रोगी पुन्हा पूर्ण मात्रेवर जातो. ओळखण्याची काही चिन्हे आहेत. मात्रा कमी केल्यावर ठरावीक दिवसांत त्रास सुरू झाला, पूर्वी कधी नसलेली लक्षणे आली, आणि काही दिवसांनी तो लाटेसारखा ओसरू लागला, तर तो बहुधा गोळी सुटण्याचा त्रास असतो. उलट जुना रोग सावकाश, आपल्या जुन्याच रूपात परततो आणि आपोआप ओसरत नाही. अंतिम निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

उतरणीचे गणित

इंग्लंडातील न्यूकॅसल येथे प्रा. हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी एक दवाखाना चालवला. तीनशेहून अधिक रोग्यांच्या अनुभवातून त्यांनी जे मांडले त्याचे सार असे : मात्रा थोडी थोडी कमी करा, वेग रोग्याला ठरवू द्या, आणि गरज वाटल्यास लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी सावकाश उतरणारे डायझेपाम देऊन मग तेच कमी करा. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी २०२५ साली संयुक्तपणे दिलेली मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत : आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के घट, आणि सामान्यतः दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक नाही.

यातील गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, मात्रा रोज १ मिलिग्रॅम आहे आणि आपण प्रत्येक पायरीला ०.१ मिलिग्रॅम कमी करतो. पहिली पायरी दहा टक्क्यांची झाली. पण ०.२ वरून ०.१ वर येताना तेवढीच घट पन्नास टक्क्यांची होते. म्हणजे समान वाटणाऱ्या पायऱ्या खाली खाली उंच होत जातात, आणि म्हणूनच 'आता जरासेच उरले आहे' म्हणणारा माणूस शेवटी अडखळतो. याउलट चालू मात्रेच्या दहा टक्के घट केली तर १ चे ०.९, मग ०.८१, मग सुमारे ०.७३ होते, दहा पायऱ्यांनंतर सुमारे ०.३५ उरते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाने आपल्याकडील अनेक घरे बुडाली. इथे तेच चक्र उलटे फिरवून कर्ज फेडायचे आहे. प्रत्येक पायरी दोन ते चार आठवड्यांची धरली तर या दहा पायऱ्यांनाच वीस ते चाळीस आठवडे लागतात. 'आठ दिवसांत सोडून दाखवतो' ही पैज म्हणूनच मूर्खपणाची आहे.

हे आकडे समजुतीसाठी आहेत, स्वतःवर प्रयोग करण्यासाठी नाहीत. गोळी कोणती, ती मोडता येते की नाही (सावकाश विरघळणारी गोळी मोडायची नसते), आकडीचा, दारूचा वा गरोदरपणाचा प्रश्न आहे काय, हे पाहूनच डॉक्टर वेळापत्रक ठरवतात.

त्या दिवसांत काय करावे?

एक, वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे आणि घरातील एका माणसाला दाखवावे. दोन, डोस चुकवू नये. लग्नकार्याला किंवा परगावी जाताना गोळ्या संपलेल्या नसाव्यात. एक दिवस वगळून एक दिवस घेणे हाही उपाय नव्हे, त्याने शरीराला रोज हिसके बसतात. तीन, त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारून त्याच पायरीवर थांबावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. चार, दारू अजिबात नको. गोळी आणि दारू मिळून श्वास मंदावतो. चहाही कमी करावा, दुपारनंतर तर टाळावाच. पाच, झोप लागो वा न लागो, उठण्याची वेळ एकच ठेवावी. दिवसा चालावे, शेतात वा अंगणात काम करावे. सहा, भीतीची लाट आली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा आणि 'ही लाट आहे, ही ओसरते' हे स्वतःला सांगावे. याला मानसोपचाराची, विशेषतः विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीची जोड मिळाली तर गोळी सुटण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांतून दिसले आहे.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. 'अजून किती दिवस?' हा प्रश्न विचारू नये. आकडी आलीच तर रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, तोंडात चमचा घालू नये, नाकाला कांदा वा जोडा लावण्यात वेळ दवडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आकडीला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय. आणि मनात जीव देण्याचा विचार आल्यास एक क्षणही न थांबता मदत मागावी.

आपल्या जिल्ह्यापुरते

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि तूर पिकवणारा. पीक बुडाले की चिंता घरात येते आणि कर्जाबरोबर मुक्काम करते. २०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यांत वाशीम होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ दूर आणि मेडिकलचे दुकान जवळ, अशा ठिकाणी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळी चालू राहणे आश्चर्याचे नाही.

कायद्याने यावर बंधन घातले आहे. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या 'एच-१' या परिशिष्टात अल्प्राझोलाम आणि डायझेपाम येतात. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि रोग्याचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे : वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या म्हातारीला दुकानदाराने एके दिवशी नुसते 'नाही' म्हटले, तर तिच्या वाट्याला नेमके तेच एकाएकी बंद होणे येते. म्हणून 'नाही'च्या पाठोपाठ 'डॉक्टरांकडे जा, एकदम बंद करू नका' हे वाक्य आलेच पाहिजे.

मदत आज पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हक्क कागदावरून माणसापर्यंत यायला मात्र कोणीतरी ते सांगावे लागते, आणि ते काम आपल्यासारखी लिहितीवाचती मुले करू शकतात.

थोडक्यात, गोळी जशी सहज लागते तशी ती सहज सुटत नाही, पण सुटते. ती दररोज निर्धाराच्या बळावर तोडायची नसते, तर ठरवलेल्या पायऱ्यांनी उतरायची असते. विहिरीत उतरणारा माणूस एकेक पायरी पायाने चाचपून उतरतो, आणि वर काठावर कोणीतरी दोर धरून उभे असते. आपल्या घरातील कोणी या पायऱ्या उतरत असेल, तर दोर धरायला आपण उभे राहावे, एवढीच अपेक्षा.